सकाळचा खेळ बघून येणारे चौबळ भाऊ

तुम्ही विसरलात. मागच्या सभेला, याच हॉलमध्ये, याच सतरंजीवर बसून मी सांगितलं होतं की यापुढं मला बोलायला उभं करू नका. सगळ्यांनी माना हलवल्या होत्या. आणि काल सकाळी तुम्हीच माझ्या दारात, मावशी दोन शब्द बोला म्हणून. सोसायटीत माझ्याहून तरुण माणसं भरपूर आहेत, पण आठवण एकाचीही धड नाही. जाताना आपापले चष्मे घेऊन जा. दर वेळी एक चष्मा इथं राहतो, तो माझ्या घरी येतो आणि त्यातनं मला काहीच दिसत नाही.

मंडळी, चौबळ वहिनी, तुम्ही सगळे आलात. बरं केलंत.

बोलायला जड जातंय. पनवेलच्या बाजारात मी मासळीची पाटी घेऊन बसायचे तेव्हा माझा आवाज पार रस्त्यापर्यंत जायचा. आज तो निघणार नाही हे मला ठाऊक होतं. म्हणून काल रात्रीच मी बोलून घेतलं आणि माझ्या नातीनं, पूजानं, ते उतरवून घेतलं. मला अक्षर येत नाही. तिनं लिहिताना माझ्या बोलीला जरा इस्त्री केली आणि मग मला परत परत वाचून दाखवलं. माझं पाठ झालंय. ती बघा, कागद घेऊन बाजूला उभी आहे. मी थांबले तर तिनं पुढचा शब्द सांगायचा. मी रडले तर मात्र काही सांगायचं नाही.

चौबळ भाऊ माझ्या समोरच्या दारातले. त्याआधी ते माझं गिऱ्हाईक. पापलेटाचा कल्ला उचलून आत बघायचे, जसा काही डॉक्टर घसा बघतो. मी म्हणायचे, साहेब, त्याला खोकला नाय. पुढं माझे गुडघे गेले, मी पाटी सोडली, मुलानं, नंदूनं, इथं खांदा कॉलनीत घर घेतलं. पहिल्या दिवशी दार उघडलं तर समोर हेच उभे. मला बघून म्हणाले, "मावशी, आता पळून कुठं जाल?"

तुम्ही म्हणाल, शोकसभेत ही कुस्तीचं काय सांगतेय. पण आमचं बोलणं सगळं त्या कुस्तीवरच झालं. ती टीव्हीवरची. परदेशातली, दोरखंडाच्या चौकटीतली. आठवड्यातनं एकदा यायची. सकाळी लागायची आणि तीच पुन्हा संध्याकाळी.

घरात बसून मला करमेना, म्हणून सुनेनं रिमोट हातात दिला. हे बटण दाबायचं, हे नाही, एवढं शिकवलं. मी दाबत दाबत त्या कुस्तीवर गेले. एवढाल्या मांड्यांचे गडी, कपडे बेताचे. मला मजा वाटली. तेवढ्यात एका दाढीवाल्याला दुसऱ्यानं शिडीवरनं खाली टाकलं. मानेवर पडला. हलेना. पंच आला, त्यानं दाढीवाल्याचा हात धरून वर उचलला आणि सोडला. हात धपकन खाली. परत उचलला, परत खाली. मी टीव्हीच बंद केला.

मला वाटलं, गेला. जेवण गेलं नाही मला. शेवटी समोरचं दार वाजवलं. म्हटलं, "भाऊ, तो टीव्हीतला दाढीवाला मेला काय वो?"

वहिनी हसल्या. हसा हो वहिनी, आज हसलात तरी चालेल. भाऊ हसले नाहीत. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि म्हणाले, "नाही मावशी. तुम्ही बंद केल्यावर तिसऱ्यांदा हात उचलला. तो वरच राहिला. मग उठला तो."

तुम्हाला वाटेल, ही बाई बाजारात सुरा चालवणारी, ती खोट्या कुस्तीला घाबरते? घाबरते. पडलेला माणूस उठतो की नाही, ते कळेपर्यंतचा जो वेळ असतो ना, त्याला घाबरते. मी खाडीकाठची. आमच्याकडं पहिली होडी काठाला लागायच्या आधीच तिच्यातला माणूस ओरडायचा, मागं कोण कोण येतंय त्यांची नावं. नावं ऐकली की बायका घरी जाऊन चूल पेटवायच्या. एका दिवशी माझ्या बापाचं नाव कोणी ओरडलं नाही. आईनं चूल पेटवली नाही. मी तेव्हा तिच्या कमरेएवढी होते.  ती नुसती समुद्राकडं बघत होती, आणि मी तिच्याकडं.

हे मी भाऊंना एकदा सांगितलं. एकदाच. त्यानंतर त्यांनी काय केलं माहितीये? ते सकाळचा खेळ बघायला लागले. आंघोळ करून, भस्म लावून, पूजेला बसावं तसे टीव्हीसमोर बसायचे. बघून झालं की माझ्या दारात यायचे. चप्पल काढायचे नाहीत, आत यायचे नाहीत. उंबऱ्याबाहेर उभं राहून परीक्षण सांगायचे. बंदराच्या ऑफिसात सगळा जन्म काढलेला माणूस, बोलायचे पण तसेच, साहेबाला माल उतरवल्याची वर्दी दिल्यासारखे.

मावशी, आजचा खेळ बेताचा आहे. पहिली कुस्ती बघण्यासारखी. दुसरी लागली की भाजी निवडायला घ्या. टकल्या फार बडबड करतो, त्याला कोणीतरी खुर्चीनं मारतो, ते योग्यच आहे. दाढीवाला पडतो. उठतो. रक्त दिसेल, घाबरायचं नाही.

हे एवढं सांगून ते जायचे. आणि मी संध्याकाळी पाय पसरून निवांत बघायचे. पंचानं तिसऱ्यांदा हात उचलला की तरी पदर तोंडात जायचाच, माहीत असूनसुद्धा. पण टीव्ही बंद करायची पाळी आली नाही. दुसऱ्या दिवशी माझं परीक्षण. मी सांगायचे, भाऊ, तो पंच माझ्या नंदूसारखा आहे. नेमकं जेव्हा बघायचं तेव्हा पाठ फिरवून उभा. नंदू, खाली काय बघतोस, तुझंच बोलतेय.

वर्षानुवर्षं हे असं चाललं. एकदाच बिनसलं.

त्या दिवशी भाऊ म्हणाले, निळ्या चड्डीवाला उंचावरनं पडतो, उठतो. संध्याकाळी तो पडला. पंच आला नाही, डॉक्टर आले. गळ्याला पट्टा बांधला, फळीवर घालून नेला. मी बसून राहिले. म्हटलं आता उठेल, भाऊ म्हणालेत. जाहिराती झाल्या, खेळ संपला, त्याच्यामागं मोटारींचं काहीतरी सुरू झालं, तरी मी बसलेली. तो काही उठला नाही. मी तशीच गेले आणि भाऊंना म्हटलं, तुमी खोटं बोललात.

भाऊ म्हणाले, "उठेल हो मावशी. आज नाही तर पुढं कधीतरी."

"मग उठतो कशाला म्हनालात?"

त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "मी सांगितलं नसतं, तर तुम्ही शेवटपर्यंत बसला असतात?"

मी तरातरा निघून आले. कितीतरी दिवस बोलले नाही. वहिनींच्या हाती कोलंबी द्यायचे, पण भाऊंकडं बघायचे नाही. ते मात्र दर आठवड्याला सकाळी दारात येऊन सांगून जायचे. मग पावसाळा गेला, दिवाळी गेली, आणि एका आठवड्याला भाऊ सकाळी आलेच नाहीत. मला राग आला. म्हटलं, आता परीक्षणही बंद काय. संध्याकाळी घाबरत घाबरत टीव्ही लावला, तर तो निळ्या चड्डीवाला चालत आला. स्वतःच्या पायांनी. गळ्याला पट्टा नाही. भाऊंनी मुद्दाम सांगितलं नव्हतं. ते मला एकटीला, आधी न कळता, बघायला मिळावं म्हणून.

तेव्हा ते खोटं बोलले होते की नुसते लवकर बोलले होते, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता खरी गोष्ट. पूजा, पाणी दे गं.

तुम्हाला माहीत आहे की भाऊंना हृदयाचं ऑपरेशन सांगितलं होतं. हे माहीत नाही की मलाही तेच सांगितलंय. त्याच डॉक्टरांनी, त्याच आठवड्यात. छाती उघडायची, भूल द्यायची. मी नंदूला साफ नाही म्हटलं. मरायचं तर घरी मरेन, पण निजलेली मरणार नाही. नंदू रागावला, सून रडली, मी ऐकलं नाही. कारण भूल म्हणजे काय, तर पडायचं, आणि उठायचं की नाही ते आपल्या हातात नाही. तोच वेळ. आणि या खेपेला खाली पडलेली मी.

भाऊंना हे कळलं. ते दारात आले. चप्पल घालूनच. म्हणाले, "मावशी, माझं आधी आहे. मी सकाळचा खेळ बघून येतो, मग तुम्ही संध्याकाळचा बघा."

मी म्हटलं, बरं. बघून या. मग बघू.

ते गेले. आणि आले नाहीत.

डॉक्टरांनी काही कमी केलं नाही. ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्याच दिवशी, तोंडातली नळी काढायच्या आधीच, रक्ताची गुठळी मेंदूत गेली. त्याला कोणाचा इलाज नाही. पण मंडळी, मी काय समजायचं? पहिली होडी आलीच नाही. नावं कोणी ओरडली नाहीत. या दिवसांत मी किती घाबरले ते मी घरात कोणाला दाखवलं नाही.  परवा संध्याकाळी कुस्ती लागली तर मी रिमोट उचलला आणि खाली ठेवला. आत कोण पडलंय आणि कोण उठलंय, मला कोण सांगणार?

काल दुपारी वहिनींकडं बसायला गेले होते. वहिनी, सांगते हं मी. वहिनी म्हणाल्या, ऑपरेशननंतर ह्यांना आत जाऊन बघितलं तेव्हा तोंडात नळी होती. बोलता येत नव्हतं. नर्सनं दाब बघायला हात उचलला, पट्टा बांधला, सोडवला, हात खाली ठेवला. तर ह्यांनी तो हात आपला आपण वर उचलला. असा, सरळ. आणि धरूनच ठेवला. नर्स म्हणाली, काका, हात खाली घ्या. घेईनात. वहिनींना वाटलं पाणी हवंय. मग वाटलं पंखा हवाय. पाणी देता येत नव्हतं, पंखा नव्हता. वहिनी बिचाऱ्या रडतच बाहेर आल्या, की काय मागत होते ते शेवटपर्यंत कळलं नाही.

वहिनी, ते काही मागत नव्हते. ते परीक्षण होतं माझं.

भूल उतरली आणि तो माणूस उठला. तोंडात नळी, छातीला टाके, आणि त्यांनी पहिलं काम काय केलं, तर हात वर धरला. आपल्या माणसाला सांगायला. माझ्यापर्यंत पोचायला उशीर झाला एवढंच. मध्ये वहिनी होत्या आणि त्यांना कुस्ती आवडत नाही.

तुम्ही म्हणाल, पण नंतर गेलेच ना ते? गेले. निळ्या चड्डीवाल्याच्या वेळीही ते असंच अर्धं खरं बोलले होते. पण मी शेवटपर्यंत बसले होते, हेही तितकंच खरं.

नंदू, वर बघ. डॉक्टरांना कळव, आई येतेय म्हणून. तेरावा झाला की लगेचची तारीख घे. जास्त दिवस ठेवू नकोस. माझं मन बदलेल.

भीती गेली असं समजू नका. हे बघा हात. कागद माझ्याकडं असता तर फडफडला असता. म्हणून एक मागते. मला नेतील त्या सकाळी तुमच्यापैकी कोणीतरी एकानं यायचं. चप्पल काढायची नाही, आत यायचं नाही. दारात उभं राहून सांगायचं, मावशी, तुम्ही पडता, तुम्ही उठता. बस. खरं की खोटं ते मी विचारणार नाही. आणि विसरू नका. तुमच्या आठवणीचा मला काडीचा भरवसा नाही, म्हणून पूजाला लिहून ठेवायला सांगितलंय.

भाऊ, तुमचा आजचा खेळ बेताचा होता. शेवट मला आवडला नाही. पण तुमचा हात मी बघितला.

आता सगळे उभे राहा. गुडघेवाल्यांनी बसून राहिलं तरी चालेल, मी पण बसणारच आहे. मोबाईल गप्प करा. थोडा वेळ कोणी बोलू नका, आणि मनातल्या मनातसुद्धा हिशेब करू नका. नुसते भाऊंना आठवा.

आणि घरी जायच्या आधी एवढं ऐका. वहिनींकडं तेराव्यापर्यंत पिठलं-भात पाळीपाळीनं जाऊ दे, मिरची कमी, त्यांना पित्त आहे. पण मला इस्पितळात पिठलं पाठवायचं नाही. एरवी मला आवडतं, पण पिठलं गेलेल्याच्या घरी जातं. मला ओल्या बोंबलाचं कालवण पाठवा, मऊ भात, आणि डब्याचं झाकण घट्ट. डॉक्टर काय म्हणतील ते नंदू बघून घेईल. कालवण जरा जास्तच करा. वहिनींचं सुतक तोवर संपून मासळी सुरू झालेली असेल, त्या माझ्याजवळ बसून जेवतील. आणि चूल सकाळीच पेटवा, मी उठले असा निरोप यायच्या आधी.