नाल काढायला शिकवणाऱ्या ताई

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या घोडेमालक संघाचे आधारस्तंभ धनराजभाऊ, व्यासपीठावर विराजमान झालेले पशुवैद्यकीय अधिकारी साहेब आणि इतर मान्यवर, हातातली कामं सोडून आज नाशकात आलेले माझे टांगेवाले, लग्नाच्या घोडीवाले, हरसूल-पेठच्या डोंगरपट्टीतले बंधू आणि भगिनी, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आमच्या सरिताताई देवरे, आपणा सर्वांना मल्हारी नालबंदाचा सविनय नमस्कार.

ताईंवर बोलायला नालबंदाला उभं केलं, ही संयोजकांनी केलेली गंमतच म्हणायची. ताईंनी गेली नऊ वर्षं गावोगाव शिबिरं घेतली ती कशासाठी? घोड्याच्या पायातली नाल काढा, खूर मोकळा ठेवा, आणि तो कसा राखायचा ते स्वतःच्या हाताने शिका, यासाठी. आणि माझे आजोबा, माझे वडील आणि मी, आम्ही तिघांनी जन्मभर काय केलं? नाल ठोकली! ज्यांनी माझ्या ऐरणीवर धूळ बसवली त्यांच्या खांद्यावर शाल मीच घातली. मनात राग ठेवून नव्हे, एवढं आधीच सांगून ठेवतो.

तशी धूळ पुरती बसलेली नाही. दिवसभर डांबरी रस्त्यावर टांगा ओढणाऱ्या दोन घोड्यांना मी आजही नाल मारतो. ताईंना ते ठाऊक आहे. अशा वेळी त्या तोंड फिरवून दुसरीकडे बघतात, पण निघताना ‘सरळ बसली का रे?’ हेही विचारतात.

गोष्ट सत्त्याण्णव सालची. ताई पशुधन पर्यवेक्षक म्हणून हरसूलला आल्या. दक्षिणेत कुठल्याशा शिबिरात हे शास्त्र शिकून आल्या होत्या आणि इथल्या लोकांना शिकवायला अगदी उतावीळ झाल्या होत्या. त्यांनी बाजारतळावर पहिलं शिबिर लावलं. हरसूलची सगळी घोडी तेव्हा माझ्याकडे, दर महिन्याला माझी फेरी असायची. मला कळलं की कोणी बाई नाल काढायला सांगतेय. मी काय करावं? शिकायला म्हणून नव्हे, तर बाईची फजिती बघायला म्हणून मी सकाळच्या पहिल्या एसटीने तिथे हजर.

ताईंनी अर्धा तास समजावून सांगितलं. मग म्हणाल्या, ‘इथे हत्यार धरायला कोण तयार आहे?’ मी छाती काढून पुढे झालो. समोर बुधादादांची घोडी, हौशी. बुधादादा आज इथे तिसऱ्या रांगेत बसलेत, पांढरी टोपी, दिसले का? हौशीच्या पाठीवर मीठ, तेल, किराणा लादून ते पाड्यापाड्यावर पोचवायचे. घरात तेवढंच एक चालतं जनावर.

मी नाल काढली आणि खूर तासायला घेतला. आता आमच्या धंद्यातली रीत ऐका. नाल बसवायच्या आधी नालबंद खुराचा तळवा तासतो, चांगला सपाट, पांढराशुभ्र, अंगठ्याने दाबलं तर किंचित दबेल इतका. वर लोखंड येणार असतं, त्यामुळे चालून जातं. मी चारही पाय तसेच तासले. लोकांनी वाहवा केली. ताई तेव्हा पलीकडे दुसऱ्या घोड्याच्या पायाशी वाकलेल्या होत्या. मी कानस पुसली आणि ऐटीत उभा राहिलो. पण वर लोखंड बसणारच नव्हतं, हे तीस वर्षांच्या सवयीला कोण सांगणार?

हौशी बाजारतळाच्या खडीवर चार पावलं गेली आणि थांबली. पाचवं पाऊल टाकेना. अंग थरथरायला लागलं. ताई धावत आल्या, पाय उचलून पाहिला, आणि त्यांच्या तोंडून त्यांच्या नामपूरची अहिराणी बाहेर पडली, ‘काय करी ऱ्हायना तू, भाऊ? पाय जित्ता शे, लाकूड नही!’

जमलेले सगळे माझ्याकडे बघायला लागले. बुधादादा एवढंच म्हणाले, ‘उद्या पाड्यावर माल न्यायचा हाय. आता कसं?’ मला वाटलं, आता ही बाई माझं नाव घेणार आणि हरसूलमधलं माझं तोंड कायमचं काळं होणार. मंडळी, ताई काय म्हणाल्या सांगू? सगळ्यांदेखत त्या म्हणाल्या, ‘बुधादादा, चूक माझी. मी ह्यांना तासायचं शिकवलं, कुठे थांबायचं ते शिकवलंच नाही.’

सभागृहातल्या साहेबलोकांना माझं विचारणं आहे, चूक दुसऱ्याची असताना ती अशी चारचौघांत अंगावर घेणारी किती माणसं तुम्ही पाहिलीत? मी तोवर एकही पाहिलं नव्हतं.

त्यानंतर दर आठ दिवसांनी मी हरसूलला. ताई आणि मी मिळून पोत्याच्या घड्या आणि जुन्या ट्यूबचे तुकडे शिवून हौशीला जोडे केले. बुधादादांच्या घरच्या सरुबाई ते बघून पदर तोंडाला लावून हसल्या. म्हणाल्या, ‘माझ्या पायात वहाण नाय, अन् घोडीला जोडं!’ हसल्या खऱ्या, पण पुढचे दोन-अडीच महिने माल डोक्यावरून पाड्यावर गेला. अर्धा बुधादादांच्या, अर्धा सरुबाईंच्या. मी ते बघत होतो. ते बघणं ही माझी शिक्षा होती, आणि ती मला ताईंनी दिलेली नव्हती.

आणखी एक झालं. तळवा किती जाड असतो हे डोळ्यांनी दिसावं म्हणून ताईंनी मेलेल्या घोड्याचा खूर मिळवला, तो उभा कापला आणि पुढच्या प्रत्येक शिबिराला स्टीलच्या डब्यातून नेला. एकदा पेठच्या एसटीत शेजारची बाई म्हणाली, ‘ताई, डबा उघडा की, मीबी भाकर काढते.’ ताईंनी खरोखर उघडला! ती बाई पुढच्या थांब्यापर्यंत उभी राहून गेली. साहेब, हसा, हसा, ताईसुद्धा हसताहेत. पण त्या डब्यातला खूर बघून मला पहिल्यांदा समजलं की आतलं हाड आणि माझी सुरी यांच्यामध्ये जेमतेम बोटभर जागा असते. जन्मभर हजारो खूर हातात घेतले आणि आतून एकही पाहिला नव्हता.

आणि मग एके दिवशी, तिसऱ्या महिन्यात, आम्ही पाड्यावर गेलो तर उतारावरून हौशी येत होती. पाठीवर माल, पायात ना नाल, ना जोडे. टाच आधी टेकत, दगडांवरून, न अडखळता. बुधादादा मागे राहिले होते आणि ही पुढे! ताईंनी रस्त्यातच टाळ्या वाजवल्या. मी तिथेच दगडावर बसून रडलो. त्याच संध्याकाळी मी म्हणालो, ‘ताई, मला पहिल्यापासून शिकवा.’

आता ताई निवृत्त होऊन नामपूरला चालल्या. महिन्यापूर्वी त्यांनी मला विचारलं, ‘मल्हारीभाऊ, शिबिरं पुढे तू घेशील?’ मी नाही म्हणालो. त्यांनी चार वेळा विचारलं, मी चार वेळा नाही म्हणालो. का? खरं सांगतो. नऊ वर्षं मी हत्यार धरलं ते ताईंच्या शेजारी उभं राहून. चुकलं तर ताई आहेत, हा भरवसा होता. त्या नसताना कुणाची घोडी माझ्या हातून पुन्हा खडीवर थांबली तर? या भीतीने मी शिबिरं बंद पडू द्यायला निघालो होतो.

मघाशी, या सभागृहाच्या दारात, बुधादादांनी मला बाजूला घेतलं. हौशीला म्हातारपणी झालेलं शिंगरू आता दीड वर्षाचं आहे. दादा म्हणाले, ‘त्याच्या पायाला अजून कुणी हत्यार लावलं नाय. पयला हात तुझाच लागायचा. दुसऱ्याकडं मी नेणार नाय.’

ज्याची घोडी मी पांगळी केली तो माणूस हे म्हणतोय.

तर अध्यक्ष महाशय, आपल्या परवानगीने जाहीर करतो. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता हरसूलच्या बाजारतळावर शिबिर आहे. शिकवणार मल्हारी नालबंद. ताई, हे तुम्हालाही आत्ताच कळतंय, म्हणून जरा रुमाल काढा.

संयोजकांनी मला बोलू दिलं आणि आपण एवढा वेळ ऐकून घेतलं, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. शिकलेला माणूस नाही मी, बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर ते पोटात घाला. खुराच्या बाबतीत मात्र माझी एकही चूक पोटात घालू नका. ताई, नामपूरहून या, आणि सगळ्यांदेखत सांगा.