रंगावर जाऊ नका!

...नाही, मी काय म्हणतो, निळं ते निळंच ना? पण नाही! तुम्हाला सांगतो, आपलं रंगाचं दुकान, निळ्याच्या छटा झोपेत ओळखतो, आणि आमचे होणारे सासरे, वनस्पतिशास्त्राचे रिटायर्ड प्रोफेसर, मला डोंगराच्या पार डोक्यावर नेऊन म्हणतात, "रंगवाले, रंगावर जाऊ नका!" अहो, मग कशावर जाऊ? वर हवा विरळ, पायात त्राण नाही, आणि म्हणे दोन फुलं ओळखा! दोन्ही निळी, दोन्ही वीतभर, जुळ्या बहिणीच! एक पावलोपावली उगवणारं, आणि दुसऱ्याचं अख्ख्या डोंगरावर एकच रोप. "फुलाखालच्या हिरव्या पाकळीला लव असेल तर दुर्मीळ, नसेल तर साधं. ज्याला एवढंही दिसत नाही, त्याला मी मुलगी देणार नाही!" घ्या! मुलगी माझ्यामागे उभी, कुजबुजते, "अरे, नीट बघ हं, बाबा बोलले म्हणजे बोलले."

आता मी काय केलं? धंद्याची खोड हो! खिशातून शेडकार्ड काढलं आणि रंग जुळवायला म्हणून... फूल खुडलं! सासऱ्यांनी मान वळवली. "काय केलंत?" दुर्मीळ निघालं तर लग्न तिथंच मोडलं! त्यांनी भिंग काढलं, पुसलं, परत पुसलं, फूल उलटं धरलं... "हं," म्हणाले. नुसतं "हं"! अहो, डॉक्टरचं "हं" परवडलं! इकडे माझा जीव टांगणीला, तिकडे ही डोळे मिटून उभी...

"लव नाही. साधं आहे."

सुटलो! अंगातलं उरलंसुरलं बळ गेलं, आणि मी मटकन खाली बसलो. तर ही किंचाळली, "अरे ऊठ! ऊठ आधी!" उठून बघतो तर... निळं. चपटं. आणि लव? तुम्हाला सांगतो, भिंगाशिवाय दिसली!

सासरे गुडघ्यावर बसले, श्वास रोखून देठ बोटानं हळूच उचलला. मी चाचरत म्हटलं, "रंग अगदी तसाच होता हो..." "रंगावर जाऊ नका," ते पुटपुटले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं! शेवटी भिंग खिशात घातलं आणि म्हणाले, "देठ शाबूत आहे, परत फुलेल. लग्न... करा."

झालं लग्न. संसार उत्तम चाललाय, तक्रार नाही. फक्त सासरी गेलो की सासरे आधी सोफ्यावरून हात फिरवतात, गादी उचलून खाली बघतात, चष्मा पुसून परत बघतात आणि मग म्हणतात, "हं... बसा."

हल्ली मी उभाच असतो.