भिंतीवरचा कोरियन हिरो

हसू नका, पण माझ्या लाडक्या कोरियन हिरोला आमच्या घरमालकीण काकूंनी मारून टाकलंय. सुपे गावात एका कंपनीत नोकरीला लागले, भाड्याच्या खोलीत एकटीच. म्हणून मालिकेतला त्याचा लष्करी वेशातला फोटो फ्रेम करून भिंतीवर लावला. काकू एकदा नळाला पाणी आल्याचं सांगायला आल्या, फोटो बघून तशाच मागे फिरल्या आणि घरातून झेंडूचा हार घेऊन आल्या.

"मिल्ट्रीत हुता व्हय? लई कवळं लेकरू गेलं गं. भाऊ का तुझा?"

मी खरं सांगणार, तेवढ्यात त्या माझा हात धरून शेजारी बसल्या. सहा महिन्यांत त्या खोलीत पहिल्यांदाच कुणी बसलं होतं. मी "हो" म्हणाले.

आता दर सोमवारी त्या ताजा हार आणतात, चहा पितात, तासभर बोलतात. त्याला परत जिवंत करायचा मला काही धीर होत नाही.