कानाची डॉक्टरीन

नांदुऱ्याच्या स्टँडवर दोन गाड्या दोन दिशांना तोंड करून उभ्या होत्या, एक जुन्या मेडिकल कॉलेजच्या गावाला जाणारी, दुसरी नव्या कॉलेजच्या; आणि डॉ. वंदना इंगळे फोनवर साहेबांशी भांडत होत्या.

“सर, मी कान-नाक-घशाची प्राध्यापक आहे की वरातीतली घोडी? जिथं तपासणी, तिथं मला उभं करता. आज नेमकं कुठं जायचं, तेवढं विचारून सांगा.”

फोन ठेवला, तर मागच्या बाकावर म्हाताऱ्या नवऱ्याला घेऊन बसलेली एक बाई शेजारणीपाशी करवादत होती.

“यायचा कान वाहून राह्यला, ताई. जुन्या कॉलेजात गेलो, तं म्हणे कानाची डॉक्टरीन नव्या कॉलेजात गेली.”

“मंग नव्या कॉलेजात जा ना.”

“गेलो ना! तिथं तिच्या नावाची पाटी हाय, खुर्ची हाय, डॉक्टरीनच नाही. म्हणे तपासणी झाली, आता ते जुन्या कॉलेजात पोरायले शिकवून राह्यली.”

“तपासणी कोनाची?”

“डॉक्टरायची! डॉक्टर हायेत का नाही, हे पाहाले वरतून लोकं येतात म्हणे. त्यायले सारे दिसतात. आमी गेलो तं एकही नाही!”

“का म्हणते?” तिचा म्हातारा ओरडला.

“काही नाही! गुमान बसा!”

वंदनाबाईंना राहवेना. त्या वळल्या.

“मावशी, ते डॉक्टरीन मीच.”

बाईनं त्यांना खालून वर न्याहाळलं आणि कपाळावर हात मारला.

“अवं माय! मंग आता तुमीच सांगा, आमी कोनत्या गाडीत बसू?”

तेवढ्यात फोन वाजला.

“थांबा, मावशी. मी कोनत्या गाडीत बसू, तेच सांगाले फोन आला.”