मालकाच्या हातचा गिलास

"बाई, या माणसाचं काय करू? दालमिल संपावर, अन् हे मालकालेच पाणी पाजून राहिले!"

जठारपेठेतल्या दवाखान्यात शेजारी बसलेल्या बाईनं मलेच विचारलं. तिचा नवरा देवराव मान खाली घालून बसला होता.

"अवं, बोलणी कुठवर आली ते सांगाले मालक रोज फाटकावर येते. उन्हात घसा सुकते त्याचा."

"सुकू द्या ना! संपवाले तुमाले मालकाचा माणूस म्हणतात. युनियनमधून काढतील एक दिवस."

"आधी मालक नुसता कागद वाचे, 'बोलणी चालू आहेत' म्हणे अन् गाडीत बसे. आता हातात गिलास असला की थांबा लागते त्याले. तेवढ्यात आमी विचारून घेतो."

"मंग? सांगतलं काही?"

"काल बोनस कबूल केला, सगळ्यांसमोर. पगारवाढीचं विचारलं, तं पाणीच सरलं."

"अन् हे मले आज सांगता!"

बायको पदराआड हसली. मले राहवलं नाही.

"देवराव, चूक तुमचीच हाय. उद्यापासून पाणी बंद. उकळता चहा द्या, कपबशीत. फुकून फुकून पेईस्तोवर मालक हलते कसा, पाहू!"