शाल मिळाली, आता बास

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे आधारस्तंभ आदरणीय शिवप्रसाद आप्पा, खास परभणीहून वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या नर्मदाबाई मॅडम, आपले प्राचार्य महारुद्र सर, व्यासपीठावरचे माझे सर्व गुरुजन, खुर्च्या कमी पडल्या म्हणून मागं उभे राहिलेले पालक, अकरावीतले माझे भाऊबहीण, आणि ज्यांच्यासोबत मी दोन वर्षं एकाच फळ्याकडं बघत बसले ते बारावी कला शाखेचे माझे सोबती, तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार.

माझं नाव ज्ञानेश्वरी. मला पाच मिनिटं दिलेली आहेत. आमच्या मराठीच्या धम्मशीला मॅडम म्हणाल्या, "शाळा सोडताना काय वाटतं ते बोल. आता तू मोठी होणार, तर त्याबद्दल बोल. आणि शेवट आशेचा कर." मॅडम, पहिल्या दोन गोष्टी करण्याचा मी प्रयत्न करते. तिसरीचं माझ्याकडून होईल असं वाटत नाही. त्याबद्दल आधीच माफी मागते.

मोठं होणं म्हणजे काय? नागरिकशास्त्राच्या तासाला सरांनी सांगितलं होतं की अठरा वर्षं पूर्ण झाली की माणूस सज्ञान होतो. त्याला मत देता येतं, स्वतःचा निर्णय घेता येतो. मी येत्या जूनमध्ये अठराची होईन. माझ्या शेजारी बसणारी माझी मैत्रीण माझ्या आधी झाली. तिचंच सांगते. तिचं नाव घेणार नाही, कारण तिनं मला तसं बजावलंय. बारावीतल्या सगळ्यांना नाव ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांनी, हात जोडून विनंती करते, शेजाऱ्याला विचारू नये.

अकरावीला आम्ही आमच्या गावातून सहा जणी यायचो. एसटी फाट्यावर सोडायची, तिथून शाळेपर्यंत पायी. ती आमच्यात वयानं थोरली. आईवडील ऊसतोडीला जायचे तेव्हा लहानपणी तिचीही दोन वर्षं तिकडंच गेली होती. त्यामुळं ती आमच्यापुढं चालायची आणि आम्ही तिच्या मागं.

फाट्यावर मोटारसायकल घेऊन दोन पोरं उभी राहायची. आपल्या शाळेतली नव्हती. आम्ही उतरलो की गाडी हळूहळू आमच्या बरोबरीनं चालवायची, गाणी म्हणायची, मोबाइल धरून शूटिंग करायची. आम्ही काय करायचो? खाली बघून चालायचो. आम्हाला वाटायचं, उन्हासारखं हे पण रस्त्यावर असतंच.

एके दिवशी त्यातल्या मागच्यानं तिची ओढणी ओढली. ती थांबली. मला वाटलं आता रडेल. तिनं रडण्याऐवजी हात घातला, गाडीची चावी काढली आणि मुठीत धरून शाळेकडं चालायला लागली. गाडी जागच्या जागी बंद.

"ए, चावी दे इकडं!" तो ओरडला.

ती म्हणाली, "सरांकडून घे."

मग तुम्ही बघायला हवं होतं! पुढं ती, मागं आम्ही पाच जणी, आणि आमच्या मागं उन्हात गाडी ढकलत ती दोघं. अर्ध्या वाटेवर त्यांचा आवाज बदलला. "ए ताई, दे की ओ. मामाची गाडी हाय. मामा लय मारल." ज्या तोंडानं गाणी म्हणत होता त्याच तोंडानं ताई म्हणायला लागला. आम्ही हसत होतो. त्या दिवसाइतकं मी परत कधी हसले नाही, हे मला आत्ता बोलता बोलता कळतंय.

तिनं चावी महारुद्र सरांच्या टेबलावर ठेवली. सरांनी पोलिसांना बोलावलं, पोरांचे घरचे आले, माफी लिहून दिली. फाट्यावर परत कोणी उभं राहिलं नाही. इथपर्यंत सगळं चांगलं झालं, आणि सर, त्याबद्दल मी तुमची कायम ऋणी आहे.

त्यानंतर सव्वीस जानेवारी आली. झेंडावंदन झाल्यावर याच व्यासपीठावर तिचा सत्कार झाला. आप्पा, तुमच्याच हातानं शाल घातली होती. तुम्ही म्हणाला होता, "ही पोर आपल्या तालुक्याची वाघीण हाय." आम्ही हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. तिला आधी कोणी सांगितलं नव्हतं. शाल खांद्यावरून घसरायली म्हणून ती एका हातानं धरून उभी होती. कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. संध्याकाळपर्यंत तो आमच्या गावातल्या प्रत्येक मोबाइलवर आला होता. वर नाव, गाव आणि खाली, 'छेड काढणाऱ्यांना अद्दल घडवणारी'.

सभागृहातल्या मोठ्या माणसांना माझा एक प्रश्न आहे. त्या व्हिडिओत तुम्हाला काय दिसलं? तुम्हाला वाघीण दिसली असेल. आमच्या गावाला छेड दिसली.

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर माणसं जमली. माझा मोठा भाऊ नागेश तिथं होता, त्यानं घरी येऊन सांगितलं. कोणी तिला वाईट म्हणालं नाही. सगळे एवढंच म्हणत होते की फाट्यावर असलं चालतं हे आपल्याला ठाऊकच नव्हतं, मग पोरी पाठवायच्या कशाला? तिचे वडील मान खाली घालून बसले होते. त्यांना एक जण म्हणाला, "गड्या, पोरगी गुणाची हाय तुझी. पर आता जिल्ह्याला म्हाईत झालं. सोयरीक बघताना लोक इचारतील, ओढणी कुनी ओढली अन् पुढं काय झालं. तू काय सांगशील?"

वडील पारावरून उठून सरळ घरी गेले.

ती शाळेत यायची बंद झाली. मी तिच्या घरी गेले तर ती चुलीपुढं भाकरी करत होती. काकू, म्हणजे तिची आई, दाळ निवडत बसल्या होत्या.

मी म्हणाले, "काय करायलीस? उद्या यायलीस ना?"

ती म्हणाली, "बाबा म्हनले, शाल मिळाली, आता बास."

"म्हंजी?"

"म्हंजी बास." तिनं भाकरी उलटली. "ज्ञानू, मला शाल नको होती गं. मला नुसतं नीट चालत यायचं होतं."

काकू माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "बाई, तू पन जाऊ नको आता. तुझ्या मायला इचार."

माझ्या आईला विचारायची गरज पडली नाही. आठ दिवसांत आमच्यातल्या उरलेल्या चौघी घरी बसल्या. पोरीच नाहीत म्हटल्यावर आमची सकाळची एसटीही बंद झाली. माझ्या घरी तीन दिवस चूल पेटली तरी कोणी नीट जेवलं नाही. शेवटी माझी आई, धुरपताबाई, वडिलांना म्हणाली, "बारावी होऊ द्या. तेवढं होऊ द्या. पुढं मी तोंड उघडनार न्हाई." त्या एका वाक्यावर मी आज इथं उभी आहे. पण त्या वाक्याचा दुसरा अर्धा भागही मला पाळायचा आहे.

तेव्हापासून नागेशदादा मला गाडीवर आणून सोडतो आणि शाळा सुटेपर्यंत गेटसमोरच्या टपरीवर बसून राहतो. तो पोलीस भरतीची तयारी करत होता. सकाळी पळायला जायचा, ते सुटलं. एकदा मी त्याला म्हणाले, "दादा, मी येते ना एकटी. तू तुझं बघ." तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "आता माझं काय राह्यलंय बघायला? बस मागं." माझ्या शिक्षणासाठी त्याचं वर्ष गेलं, आणि माझं शिक्षण तर इथंच संपतंय. दोघांच्या हाती काय आलं, याचा हिशोब कोणी मांडला तर मला सांगा.

चैत्रात माझी मैत्रीण अठरा वर्षांची झाली. वैशाखात तिचं लग्न झालं. सगळं कायद्यानं झालं. कोणी कुठं तक्रार करावी असं त्यात काहीच नव्हतं. सरांनी सांगितलेला स्वतःचा निर्णय घेण्याचा हक्क तिला मिळाला, त्याच महिन्यात तिचा निर्णय दुसऱ्यांनी घेऊन टाकला होता. ज्यानं ओढणी ओढली तो पोरगा आता पुण्याला कॉलेजात आहे. मला त्याचं वाईट चिंतायचं नाही. मी नुसतं सांगतेय.

या दिवाळीच्या आधी मानवतच्या बाजारात मला ती दिसली. सासूबरोबर आली होती, डोक्यावर पदर. मी धावत गेले. सासूनं विचारलं, "कोन हाय गं ही?" ती म्हणाली, "गावाकडली हाय, वळखीची."

वळखीची! चौथीपासून एका बाकावर बसलो होतो आम्ही. पण तिच्या डोळ्यांत बघितलं आणि मी सासूला नुसता नमस्कार केला. सासू बांगड्यांच्या दुकानात वळल्यावर ती भराभर बोलली. "तिथं कुनाला ठावं न्हाई. फाट्याचं बी न्हाई, शालीचं बी न्हाई. माझं नाव कुठंच घेऊ नको. कुनी चांगलं बोलायलं तरी घेऊ नको."

मी विचारलं, "तू बरी हायेस का?"

ती म्हणाली, "हाय की." आणि मग, "शाळंत निबंध कोन वाचून दाखवतंय आता?"

मी म्हणाले, तुझ्यानंतर कोणी नाही. तेवढ्यात सासूची हाक आली आणि ती गेली.

आप्पा, सर, तुमच्यावर माझा राग नाही. मनापासून सांगते. तुम्ही चांगलं केलं, सरांनी चांगलं केलं, पारावरच्या लोकांनाही पोरींचं वाईट करायचं नव्हतं. तिचे वडील आजही मला रस्त्यात बघून तोंड फिरवतात, ते लाजेनं. प्रत्येकानं आपल्या परीनं चांगलंच केलं. म्हणून तर मला काही सुचत नाही. एखादा माणूस वाईट असता तर त्याच्याशी भांडून मोठी झाले असते.

समोर अकरावीच्या मुली बसल्या आहेत. रीतीप्रमाणं मी तुम्हाला दोन शब्द सांगायला हवेत. घाबरू नका, चावी काढून घ्या, असं सांगू? त्याचं पुढं काय होतं ते तुम्ही ऐकलंत. मग खाली बघून चाला, असं सांगू? ते माझ्या तोंडून निघत नाही. म्हणून मी काहीच सांगत नाही. तुम्ही माझ्याहून शहाण्या असाल अशी इच्छा आहे. खात्री नाही.

मात्र व्यासपीठाला एक विनंती करते. यापुढं आमच्यातल्या कोणाचा सत्कार करावा वाटला, तर आधी तिला विचारा. आणि सत्कारानंतर एकदा तिच्या घरीही जा. पारावर जा. तिथं टाळ्या वाजवणारं कोणी नसतं.

धम्मशीला मॅडम, तुमच्या तासाला मला कायम वाटायचं की आपण पुढं खूप शिकणार आहोत. खरं नसलं तरी दोन वर्षं तसं वाटलं, त्याबद्दल तुमचे आभार. पहिल्या तासापासून परीक्षेपर्यंत ज्यांनी ज्यांनी शिकवलं, सांभाळलं, रागावलं, त्या सर्व गुरुजनांचे आभार. आज माझ्या वर्गातली मुलं खुर्च्या मांडायला सकाळपासून राबली, त्यांचेही.

पाच मिनिटांची दहा झाली. जे बोलायला नको होतं तेही बोलले. कोणाच्या मनाला लागलं असेल तर घरातल्या लेकीचं म्हणून सोडून द्या. आमच्या घरी आजच्या बोलण्याचं कळू नये एवढी कृपा करा. कोणी व्हिडिओ काढत असेल तर बंद करा, पाया पडते.

नागेशदादा गेटवर आलाय, मला निघावं लागेल. तुम्ही नाश्ता करून ग्रुप फोटो काढणार आहात. माझ्यासाठी जागा सोडू नका. सरकून उभे राहा, म्हणजे फोटोत कोणी कमी आहे असं दिसणार नाही.

नमस्कार.