आमच्या ट्रकची पिवळी चाकं

...पिवळी हो, पिवळी! तुम्हाला वाटेल फिकट असेल, सोनेरी असेल, काहीतरी सोज्वळ असेल... अजिबात नाही! अंड्याच्या बलकासारखी, डोळ्यांत खुपणारी, पिवळीजर्द! आणि काय? तर ट्रकची चाकं! माझ्या ट्रकची! बावीस वर्षं ज्या गाडीला मी साधा एक स्टिकर चिकटवू दिला नाही, त्या गाडीच्या चारीच्या चारी रिमा... टायर नाही, टायर काळेच, आतलं लोखंड... पिवळं! दारात माझा ट्रक उभा, सर्कशीतून पळून आल्यासारखा, आणि त्याच्या शेजारी आमची थोरली लेक, कमरेवर हात, नाकाच्या शेंड्यावर पिवळा ठिपका, मलाच विचारते, "कसं वाटतंय, अण्णा?"

कसं वाटतंय! तुम्हाला सांगतो, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली!

आता गाडी तिच्या हातात कशी, तर तेही ऐका. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "जवळचं छान दिसेल, लांबचं धूसरच राहणार. स्टिअरिंग आता विसरा." विसरा! छत्री आहे का विसरायला? बावीस वर्षं कारखान्यातून कपाटं, पलंग, ड्रेसिंग टेबलं उचलून दुकानादुकानांत पोचवली, एका आरशाला तडा नाही, आणि म्हणे विसरा! बरं, विसरलो. थोरलीकडे लायसन्स होतं, तिने ऑफिसातली नोकरी सोडली, चावी उचलली. मी काही बोललो? एक अक्षर नाही! बाजूच्या सीटवर गपचूप बसायचो, फक्त गिअर कधी बदलायचा तेवढं सांगायचो. आणि वळण कुठे घ्यायचं ते. आणि ब्रेक. तर आठव्या दिवशी ती काय म्हणाली माहितीये? "अण्णा, तुम्ही ट्रकस्टँडवरच बसत जा. तिथे चहा चांगला मिळतो."

तेही गिळलं हो मी. रोज सकाळी ती मला स्टँडवर सोडायची, संध्याकाळी तिथूनच घेऊन घरी आणायची. शाळेतल्या पोरासारखं! पण चाकं? चाकं नाही गिळता येत माणसाला!

मी ओरडलो, "काढ! आत्ताच्या आत्ता काढ तो रंग!" तर ही हसते. "अहो अण्णा, हा रंग नाहीच! रबर आहे रबर! डब्यातून फवारायचं, वाळलं की चाकावर साल चढते. कंटाळा आला, टोक धरायचं. ओढलं की निघतं!"

ओढलं की निघतं! तुम्हाला सांगतो, या तीन शब्दांनी माझं आयुष्य नासवलं! मी काहीही म्हणू दे, उत्तर ठरलेलं. मी म्हणायचो, लोक हसतात. "हसू दे, ओढलं की निघतं!" मी म्हणायचो, बापाच्या गाडीला हात लावायच्या आधी बापाला विचारावं. "अण्णा, ओढलं की निघतं!" आणि आमची मंडळी? ती माझ्या बाजूने बोलेल? ती स्वयंपाकघरातूनच, लसूण सोलता सोलता, "अहो, कशाला एवढं रक्त आटवताय? ओढलं की निघतं म्हणतेय ना ती!" हिने आयुष्यात कधी चाक बघितलंय का जवळून? पण बोलायला पुढे!

आणि स्टँडवरचे लोक! पंक्चरवाला तर ठरवूनच बसलेला. "या अण्णा! चाकांना कावीळ झाली म्हणे? पथ्यावर ठेवलंय का डिझेल?" रोज! अहो, रोज! कारखान्याच्या फाटकावरचा वॉचमन, जो बावीस वर्षं मला बघून नुसती मान हलवायचा, तो आता थोरलीला कडक सलाम ठोकतो म्हणे. का, तर गाडी चमकते! म्हणजे माझ्या वेळी काय गाडी रांगत यायची?

शेवटी ठरवलं. गुरुवारी थोरलीला सुट्टी, ती मैत्रिणीकडे जेवायला गेली. मी म्हटलं, आज निकाल. ओढलं की निघतं ना? ओढतो! स्टूल घेतलं, मागच्या डाव्या चाकापुढे बसलो, नखाने टोक उचललं, धरलं, आणि ओढलं...

निघालं! एवढंसं! मुंगीने उचलून न्यावं एवढंसं! पुन्हा ओढलं, पुन्हा तेवढंच. चिमूट, चिमूट, चिमूट... तुम्ही कधी नेलपॉलिश खरवडलंय? मी नाही, पण त्या दिवशी कळलं कसं असतं ते. दीड तास! दीड तासात जेमतेम तळहाताएवढी जागा मोकळी झाली, नखं दुखायला लागली, म्हणून चमचा आणला, चमचा वाकला, मग मंडळींचा भाजीचा चाकू आणला, त्याचं पातं तुटलं. आणि तेवढ्यात कोण? पंक्चरवाला! कुठून वास लागतो या माणसाला देव जाणे. म्हणाला, "अण्णा, पेट्रोल लावा. लोण्यासारखं विरघळेल."

विरघळलं! तेवढं खरं बोलला तो. पण विरघळून जातं कुठे? ते नाही सांगितलं! त्याचा झाला चिकट, पिवळा, लोंबणारा गोंद, तो माझ्या बोटांना, बोटं शर्टाला, शर्ट स्टुलाला, आणि चुकून खाज सुटली म्हणून हात मिशीला! चाक बघावं तर गजकर्ण झाल्यासारखं, कुठे लोखंड, कुठे पिवळं, कुठे लाळ गळतेय. पंक्चरवाला बघतो, मान हलवतो, "अरेरे" म्हणतो आणि निघून जातो! पळपुटा!

घरात गेलो. मंडळींनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता चाकूवरून बोलणार. काही नाही. तेलाची वाटी घेतली, समोर बसली, माझा हात मांडीवर घेतला आणि एकेक बोट चोळायला लागली. मग म्हणाली, "तुम्हाला सांगू नको म्हणाली होती ती. पण सांगते. ऑपरेशननंतर पहिल्यांदा स्टँडवर गेलात, त्या दिवशी तुम्ही भलत्याच ट्रकचं दार उघडलंत ना?"

माझा हात तिच्या हातात तसाच राहिला.

कारण ते कुणाला ठाऊकच नव्हतं! म्हणजे मला असं वाटत होतं. स्टँडवर चौदा ट्रक, चौदाही पांढरे, माझा म्हणून एकाचं दार ओढलं, आत ड्रायव्हर झोपलेला, आणि मीच त्याच्यावर खेकसलो, "माझ्या गाडीत काय करतोस रे?" तो बिचारा डोळे चोळत खाली उतरला आणि म्हणाला, "काका, तुमची गाडी पलीकडची. ती बघा." मी पलीकडे बघितलं. पलीकडे नुसतं पांढरं होतं हो... सगळं पांढरं.

"थोरलीने बघितलं ते," ही म्हणाली. "घरी येऊन रडली. तिसऱ्या दिवशी डबे घेऊन आली. म्हणाली, गाडीचा रंग बदलला तर कागदपत्रं बदलायला लागतात, चाकांना कोण विचारतंय? अण्णांना लांबून दिसली पाहिजेत."

मला राग आला. हो, आला! मला आंधळा समजता काय? मला सांगायचं नाही? तर ही शांतपणे म्हणते, "सांगितलं असतं तर तुम्ही करू दिलं असतं?" आणि तुम्हाला सांगतो, तेव्हा माझ्या डोक्यात लख्खकन प्रकाश पडला. महिनाभर मी त्या चाकांना शिव्या देतोय. कुठून देतोय? गाडी नाक्यावर वळली रे वळली की माझी पहिली शिवी! म्हणजे दिसत होती की मला! नाक्यापासून दिसत होती! एक दिवस चुकलो नाही मी गाडी ओळखायला, आणि एक दिवस चुकलो नाही शिवी द्यायला!

उठलो. तसाच, मिशीला रबर घेऊन रंगाच्या दुकानात. रंगवाल्याने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "किती हात दिले होते?" म्हटलं मला काय माहीत, मागचं चाक ओढून निघत नाही एवढं खरं. तो म्हणाला, "पुढची चाकं नीट निघतील बघा. मागच्यांना डबा संपला असणार. दोनच हात दिले तर साल धरत नाही, भुगा होतो. पाच हात पाहिजेत, काका. ओढलं की निघतं, पण पाच हात दिले तर!" बघा! तोही! पण निदान पुढचं वाक्य सांगणारा एक तरी माणूस भेटला!

चार डबे घेतले. चाक खरवडून साबणाने धुतलं, पुसलं, वाळवलं. टायरवर फवारा उडू नये म्हणून टायर आणि रिमच्या फटीत पत्ते गोलाकार खोचले, माझा रमीचा अख्खा कॅट गेला त्यात. एक हात, पंधरा मिनिटं थांबायचं. दुसरा हात, पंधरा मिनिटं. चौथ्या हाताला मागे सावली पडली. थोरली.

मी वळलो नाही. काय तोंडाने वळणार? म्हटलं, "मागच्यांना दोनच हात दिले होतेस तू. कामचुकारपणा आहे हा." ती शेजारी उकिडवी बसली, माझ्या मिशीकडे बघितलं, मग चाकाकडे, आणि म्हणाली, "इथे ओघळ आलाय, अण्णा. डबा जरा लांब धरा." पाचवा हात तिने दिला. मी पत्ते काढले. दोघांनीही त्या दुसऱ्या विषयाचं नाव काढलं नाही.

इथे संपलं असतं तर मी तुमच्यापुढे कशाला उभा राहिलो असतो? पण दुसऱ्या दिवशी स्टँडवर एक ड्रायव्हर आला, "अण्णा, काय सफाई आहे हो हाताची! माझी पण करून द्या." करून दिली. मग दुसरा. मग तिसरा. मी प्रत्येकाला विचारलं, काळा घ्या, लाल घ्या, निळा शोभेल... "छे छे अण्णा, तुमच्यासारखाच पिवळा!" आणि मी मूर्ख, रिकामा बसलेलो, कुणीतरी हातातलं काम मागतंय या आनंदात, देत गेलो हात! पाच-पाच हात! मोजून!

काल संध्याकाळी चहा पिऊन उठलो, स्टँडकडे बघितलं... चौदा ट्रक. चौदाही पिवळ्या चाकांचे! आणि सगळी माझी करणी! आमचा कुठला, कळेना; उभा राहिलो तसाच, मधोमध, बावळटासारखा. शेवटी कुठूनतरी हॉर्न वाजला. आमचा. घसा बसलेला, मध्येच खोकणारा... म्हटलं, चला, हा तरी ओळखीचा आहे. गेलो आवाजाच्या मागे, चढलो, बसलो.

थोरली गिअर टाकता टाकता म्हणते, "अण्णा, हा हॉर्न फार जुना झालाय. नवा बसवू या का?"

म्हटलं, बसव बाई. फक्त बाकीच्या तेरांपेक्षा मोठ्याने वाजेल असा बसव.